सूनबाई, वर बघा

माझे सासरे रस्त्याने चालताना बोलता बोलता मध्येच थांबत, हातातली छत्री झटकन खांद्याला लावत आणि डोक्यावरून उडत जाणाऱ्या कबुतराच्या किंचित पुढे पुढे ती फिरवत नेत. तोंडाने आवाज वगैरे काढत नसत. तेवढा पोरकटपणा त्यांच्यात नव्हता. नुसतं "गेलं" म्हणत, छत्री खाली घेत आणि अर्धवट राहिलेलं वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू करत. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या दुकानदारांना याची इतकी सवय झाली होती, की कप्तानसाहेबांची छत्री वर गेली की समोरचा माणूस आपण होऊन वाकायचा आणि ती खाली आली की पुन्हा भाव सांगायला लागायचा.

गाव त्यांना कप्तानसाहेब म्हणे. मी मामंजी म्हणायची, पण तेही मनातल्या मनात. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा कळलं, की इथल्या आमच्या लोकांनी दक्षिणेतून येताना आणलेल्या रीती तिकडच्यांपेक्षा घट्ट धरून ठेवल्या आहेत. सुनेने सासऱ्यांसमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, बोलायचं तर नाहीच, आणि मान वर करून बघणं म्हणजे तर भलतंच. त्यामुळे मी मामंजींचे जोडे ओळखत होते, खोकला ओळखत होते, जेवताना ताटात किती भाकरी उरते त्यावरून त्यांची मर्जी ओळखत होते. चेहरा मात्र लग्नातल्या फोटोत पाहिला तेवढाच.

संस्थानच्या फौजेत ते नेमबाजी शिकवायचे. संस्थान विलीन झालं, फौज नव्या फौजेत गेली, तरणी पोरं त्यात सामावली आणि मामंजींच्या वयाच्या माणसांना पेन्शन मिळाली. पेन्शनचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते बंदुकीचं. सरकारी शिलेखान्यातली एक दुनळी विलायती बंदूक त्यांच्याकडे इतकी वर्षं होती, की ती आपली नाही हे घरात सगळे विसरूनच गेले होते. ती जमा करायची वेळ आली. मामंजींनी ती दिवसभर पुसली, तेल दिलं, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि टांग्यातून घेऊन गेले. येताना चालत आले. त्यानंतर छत्री वर जाणं बंद झालं. कबुतरं डोक्यावरून जायची आणि मामंजी खाली बघून चालायचे. मला चेहरा दिसत नव्हता, पण पावलं दिसत होती ना! असा राग यायचा त्या कबुतरांचा.

आणि एक दिवस ते गावाशेजारच्या मुरार छावणीतून जवळजवळ पळतच आले. नव्या राज्याचा नेमबाजीचा संघ निघणार होता. दसऱ्यानंतर मुरारच्या मैदानावर कबुतरांवरच्या नेमबाजीची निवड होती. वयाची अट नाही, फक्त बंदूक स्वतःची हवी. कबुतरं म्हणजे खरी नव्हेत. पूर्वी खोक्यातून जिवंत सोडत, आता यंत्रातून मातीच्या चकत्या उडवतात. नाव मात्र कबूतरच राहिलं आहे. "इंदूरवाले येऊन राहिलेत, उज्जैनवाले येऊन राहिलेत," मामंजी सासूबाईंना सांगत होते, "आणि ग्वालेरचा एकही माणूस नसणार? हे होऊ द्यायचं?" सासूबाई म्हणाल्या, "आधी पाणी पिऊन घ्या. मग काय होऊ द्यायचं ते बघू."

अडचण दुहेरी होती. बंदूक नव्हती, आणि लढाईत मोडलेला उजवा खांदा आता दुनळीचा झटका सोसणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उपाय एकच होता आणि मामंजींनी आयुष्यभर त्याची टिंगल केली होती. ती म्हणजे ऑटो. एकच नळी, चाप दाबला की बार होतो, रिकामं काडतूस आपलं आपण बाहेर पडतं, दुसरं आपलं आपण वर येतं, आणि झटका बराचसा आतल्या स्प्रिंगमध्येच जिरतो. मामंजी तिला शिवणमशीन म्हणत. सासूबाईंनी बरोबर तेवढंच उचललं. "मी मशीन मागून थकले तेव्हा नाही आणली. आता स्वतःसाठी आणून राहिलेत!"

तेव्हा जहागिऱ्याही चालल्या होत्या. कालपर्यंत ज्यांच्या देवडीवर पहारे होते त्यांच्या बंदुका पडाव भागातल्या एका बंदुकांच्या दुकानात येऊन पडत होत्या. दुकान एका म्हाताऱ्या मियाँजींचं. मामंजी रोज तिथे जात आणि येऊन सासूबाईंना इतक्या मोठ्याने हकीकत सांगत, की स्वयंपाकघरात मला एक शब्द चुकत नसे. ती मलाही ऐकवायची असते, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. कोणत्या बंदुकीची नळी लांब, कोणत्या बंदुकीची स्प्रिंग मेली आहे, कोणती नुसती नक्षीवर विकली जाते आहे. "सस्ती पाहिजे," ते म्हणायचे, "पण सस्त्यातली नको." ऑटोला नावं ठेवणारा माणूस आठवड्याभरात तिच्याबद्दल असं बोलायला लागला, की घरात स्थळं बघणं चालू आहे असं वाटावं.

शेवटी तीन उरल्या आणि मियाँजी त्या तिन्ही टांग्यात घालून स्वतः आमच्याकडे घेऊन आले. पहिली बेल्जमची, जवळजवळ नवी, लाकूड असं की हात फिरवत राहावं. दुसरी हलकीफुलकी आणि सगळ्यात स्वस्त. तिसरी कुण्या जहागीरदाराच्या भिंतीवर नुसती टांगलेली. जड, काळपट, खांद्याला टेकायच्या लाकडी दस्त्यावर ओरखडे, म्हणून बेताच्या किमतीची. मामंजींनी आधी तिन्ही उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेल्या आणि ज्वारीच्या तराजूत तोलल्या. दुकानदाराने विचारलं, "कप्तानसाहब, ये क्या भाव लगाऊँ?" मामंजी परत येऊन म्हणाले, "हलकी ती दुकानात गोड लागते. खांद्याला ती लाथ मारणार." तरी दुसरी त्यांनी लगेच बाजूला काढली नाही, कारण ती परवडत होती.

आता खरी परीक्षा. बंदूक आपल्या अंगाला बसते की नाही हे बघायची त्यांची रीत अशी, की डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग उजवा डोळा उघडायचा. समोर एका माणसाने उभं राहून नळीच्या टोकाकडून बघायचं. बुबुळ नळीच्या वर बरोबर मधोमध दिसलं तर बंदूक आपली. खाली, वर, बाजूला दिसलं तर ती दुसऱ्या कुणाची तरी. हे काम मियाँजींचं. पण मियाँजी हात जोडून म्हणाले, "साहब, मोतियाबिंद है. मुझे तो आप पूरे के पूरे धुँधले दिखते हैं, आपकी पुतली क्या देखूँगा!" सासूबाईंनी बंदुकीसमोर उभं राहायला साफ नकार दिला. माझे यजमान इंदूरला. नव्या राज्याची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असायची. फायलींबरोबर नवरेही जायचे.

मग बैठकीतून मामंजींचा आवाज आला, "सूनबाईंना बोलवा."

"काय बोलून राहिलात?" सासूबाई म्हणाल्या. "ती तुमच्या डोळ्यांत बघणार?"

"मग कोण बघणार? मला सांगून टाका, कोण बघणार?"

मियाँजी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि मी आत गेले. मामंजींनी तिन्ही बंदुका उघडून रिकाम्या असल्याचं सासूबाईंना दाखवलं, मग मला दाखवलं. तरी सासूबाई खंडोबाचं नाव घेत भिंतीला टेकल्याच. मी पदर ओढून उभी. समोर जोडे दिसत होते, ओळखीचे. आणि त्या घरात मामंजी माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"सूनबाई, वर बघा."

मी पदर मागे घेतला आणि वर बघितलं. नळीच्या त्या टोकाला बदामी रंगाचा एक डोळा होता, पापण्या पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आणि त्या डोळ्यात चक्क भीती होती. ज्यांच्या छत्रीपुढे बाजार वाकायचा ते माझे सासरे भ्यायले होते. एकही बंदूक बसली नाही तर, म्हणून. मला त्यांच्याबद्दल एकदम इतकी माया वाटली, की लाजायचंच राहून गेलं.

"दिसतोय," मी म्हटलं. "मधोमध."

ती बेल्जमची होती. मामंजींनी ती खाली घेतली, मखमलीवर परत ठेवली आणि हळूच म्हणाले, "ही बसायला नको होती." तिची किंमत घरात सगळ्यांना माहीत होती. दुसरी लावली. डोळा दिसेचना, नळीमागे पार बुडाला होता. "नाही," मी म्हटलं. सासूबाईंनी जीभ चावली. सून सासऱ्यांना नाही म्हणाली! मामंजींनी मात्र मान डोलावून ती लगेच बाजूला केली. राहिली ती काळी, ओरखड्यांची. डोळा दिसत होता, पण वर आला होता.

"वर आहे," मी सांगितलं.

"कितीक?"

"तांदळाच्या दाण्याएवढा, मामंजी."

"दाण्याएवढा?" त्यांचा आवाज असा फुलला, की ओट्यावरून मियाँजींनी "मुबारक हो!" म्हणून टाकलं. "अहो, दाण्याएवढं लाकूड तर मी पॉलिशपेपरने घासून काढून घेईन!"

आणि घासलंच. रोज सकाळी ओट्यावर बसून दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथे जरासं घासायचे, मग मला हाक मारायचे. मी समोर उभी राहून बघायची. "अजून वर." "अजून जरासा." असं आठवडाभर चाललं. त्या आठवड्यात मी त्यांच्या डोळ्यांत जितकं बघितलं तितकं कुठल्याच सुनेने कुठल्याच सासऱ्यांच्या बघितलं नसेल. ज्या दिवशी बुबुळ मधोमध आलं त्या दिवशी त्यांनी मला साखर दिली. छर्रे कसे पसरतात ते बघायला गावाबाहेर नेऊन एका चादरीवर बार टाकले आणि ती चादर घरी आणून माझ्यापुढे पसरली. "बघा, काय दाट पडून राहिलेत!" चादर सासूबाईंच्या माहेरची निघाली. दोन दिवस त्यांनी अबोला धरला. बंदूक खोलून पुसायचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं, कारण नळीखालची पुढची टोपी फिरवायला मामंजींची बोटं वळत नसत. मला ते फार आवडायचं. एकेक भाग चटईवर मांडून पुन्हा जागच्या जागी बसवला की खटका असा काही वाजायचा, की पुन्हा खोलावीशी वाटे.

अशात खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा आमच्याकडे थाटात होई. यंदा शस्त्रं कमी, म्हणून थाट जास्त. अबोला सोडून सासूबाई उत्साहाने पुढे झाल्या. बंदूक ही बाईमाणूस, नवी घरात आलेली, चांगल्या मुहूर्तावर आलेली. तिची ओटी नको भरायला? त्यांनी खण पसरला, नळीला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि रिकामी काडतुसं जिथून बाहेर पडतात त्या उघड्या जागेला ओटी समजून तिथे मुठीमुठीने तांदूळ घातले. हळद-तुपातल्या अक्षता वरून आणखी. मामंजी हात जोडून उभे, डोळ्यांत पाणी. मीही हात जोडून उभी. वरवरचे दाणे नंतर झटकले, पण बंदूक खोलली नाही, कारण पूजलेल्या हत्याराचं कुंकू पहिला बार होईपर्यंत पुसायचं नाही ही त्या घरची रीत. पहिला बार मुरारला होणार होता.

मुरारच्या मैदानावर शामियाना होता, बायकांना चिकामागे, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्यामागे बसायची सोय होती. फौजेतले अधिकारी, पोलिसातले, जहागीरदार, इंदूरचे, उज्जैनचे. मामंजी कुंकू लावलेली बंदूक घेऊन उभे राहिले तेव्हा दोघे-चौघे हसले. मग पहिलं कबूतर उडालं आणि फुटलं. दुसरं फुटलं. मातीचा धुरळा हवेत राहायचा आणि मी चिकामागे पदर मुठीत धरून बसलेली. सासूबाईंना दिसत नव्हतं; त्या प्रत्येक बाराला "काय झालं?" विचारायच्या आणि मी "फुटलं" म्हणायची. मग जोडीची कबुतरं आली, दोन एकदम. पहिलं फुटलं. दुसरं तसंच तरंगत जाऊन गवतात पडलं. बारच झाला नाही.

बंदूक अडकली होती. मामंजींनी खटका ओढला, हलवला, ढिम्म. पंचांनी दुरुस्तीला थोडा वेळ दिला. शेजारचे एक जहागीरदार आपली दुनळी पुढे करून भलेपणाने म्हणाले, "कप्तानसाहब, हमारी ले लीजिए." दुनळी घेतली असती तर एखाद-दोन बार निभले असते आणि खांदा कायमचा गेला असता. मामंजींनी हात पुढे केला. मला वाटलं, घेतात. पण तो हात तसाच अर्ध्यावर थांबला, ते चिकाकडे वळले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक त्यांनी मारली.

"सूनबाई!"

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. चिकातून त्यांनी बाहेर बघितलं, भर उन्हात एकटे उभे असलेले आपले यजमान बघितले, आणि मनगट सोडलं. "जा," त्या म्हणाल्या. "आणि पदर खोचून घे. लोंबता नको."

मी गेले. कुणीतरी म्हणालं, "ये कौन?" मामंजी म्हणाले, "डॉक्टर है." मी आधी काडतुसं काढली, टोपी फिरवली, नळी सोडवली आणि बंदूक तिरकी केली. खडखड करत पिवळे-लाल तांदूळ गवतावर पडले. एक दाणा तुपाने आत चिकटला होता, तो केसातल्या आकड्याने काढला. एक फौजी अधिकारी वाकून बघत होते. "ये क्या है?" त्यांनी विचारलं. "चावल, साहब," मामंजी ताठ मानेने म्हणाले, "घर में नई आई है, तो ओटी भरी थी." सगळा शामियाना हसला. मामंजीही हसले. मी नळी बसवली, टोपी आवळली, खटका वाजला. बंदूक त्यांच्या हातात देताना मी वर बघितलं, कुणी न सांगता.

त्यानंतर त्यांनी एकही कबूतर सोडलं नाही. संघात शेवटची जागा त्यांना मिळाली. संघ इंदूरला गेला, सपाटून हरला, आणि मामंजी परत आले ते जिंकून आल्यासारखे. गाव त्यांना महिनाभर "ओटीवाले कप्तान" म्हणत होतं आणि ते प्रत्येकाला थांबवून मुरारची हकीकत पहिल्यापासून सांगत होते. छत्री पुन्हा वर जायला लागली होती.

मुरारच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला ओट्यावर बोलावलं आणि छत्री माझ्या हातात दिली. पुढे छत्रीच्या जागी खरी बंदूक आली आणि गावाबाहेरच्या माळावर माझ्यासाठी मातीच्या चकत्या उडायला लागल्या. "कबूतर आहे तिथे मारू नका," ते म्हणायचे, "ते जाणार आहे तिथे मारा." मी चुकले की रागावत नसत, फक्त "ते पोहोचलं सूनबाई, तुम्ही मागेच राहून गेलात" म्हणत. निघताना सासूबाई आतून ओरडायच्या, "भाजीत नमक कोण टाकणार?" पण कबूतर फुटलं असं ऐकलं की बाहेर येऊन माझी दृष्ट काढायच्या. माझ्या आयुष्यात मला त्या सकाळींइतकी मजा दुसऱ्या कशात आली नाही. ती बंदूक त्यांच्या मापाची होती, माझ्यासाठी दस्ता लांब पडायचा. मी मान ताणून भागवून न्यायची.

काही वर्षांनी पुन्हा राज्यं बदलली. राजधानी भोपाळला गेली आणि आमची बदली कायमची झाली. मामंजींनी यायला नकार दिला. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता, पण हिवाळ्यात मुरारला जाणं त्यांनी सोडलं नव्हतं. फुटायची त्याहून जास्त सुटायची, तरी खुशीत परत यायचे. निघायच्या आधी त्यांनी बंदुकीचा परवाना माझ्या नावे करून घेतला. कचेरीत हाकिमाने "औरत के नाम?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कबूतर ने तो आज तक नाम नहीं पूछा."

शेवटच्या सकाळी सामान टांग्यात चढलं होतं. मामंजींनी बंदूक आणून माझ्या हातात दिली आणि मला ती वेगळीच लागली. दस्ता आखूड झाला होता. त्यांनी गल्लीतल्या सुताराकडून तो कापून आणला होता, काप गुळगुळीत घासला होता. "मामंजी," मी म्हटलं, "आता तुमच्या खांद्याला कशी बसणार?"

"लावून तर बघा," ते म्हणाले आणि माझ्यासमोर जाऊन उभे राहिले. मी ती उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, डोळे मिटले, खांद्याला लावली. मान ताणावी लागली नाही. डोळा उघडला तेव्हा नळीच्या टोकाला मामंजी होते, चष्मा पुसून पुन्हा लावत, मान पुढे काढून माझ्याकडे बघत. त्या डोळ्यांवर दुधाची साय आली होती. एवढ्या अंतरावरून त्यांना माझा चेहरासुद्धा दिसत नव्हता, बुबुळ कुठलं दिसणार!

तरी ते बराच वेळ बघत राहिले.

"मधोमध आहे, सूनबाई," ते म्हणाले. "घेऊन जा."